सावलीचा हक्क

पालखीबरोबर चालणाऱ्या अब्दागिऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. देव देवळाबाहेर निघाला की छत्र, चवऱ्या, निशाणे, दिवट्या यांच्यासमवेत अब्दागिरीही निघते. रात्रीच्या पालखीतही ती असते, आणि रात्री तिचा उपयोग काय असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. कारण ती आता मानचिन्ह होऊन बसली आहे. परंतु शब्द पाहावा तर तो फारसीतून आलेला. ‘आफ्ताब’ म्हणजे सूर्य, आणि ‘आफ्ताबगीर’ म्हणजे सूर्यास अडविणारे साधन. मुळात ती एक सावली आहे. राजेरजवाड्यांच्या काळी ही सावली ज्याच्या त्याच्या डोक्यावर धरली जात नसे. अब्दागिरीचा मान हा दरबाराने द्यावा व सरदाराने मिरवावा असा मान होता. ती धरणारा सेवक स्वतः मात्र उन्हातच चालत असे.

ऊन माणसाच्या कातडीचे काय करते हा प्रश्न वैद्यांचा आहे. सावली कोणास मिळते व कोणास मिळत नाही, हा प्रश्न समाजाचा आणि पुढे जाऊन कायद्याचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. आमचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे कातडीच्या कर्करोगाचा इतिहास वाचताना आमचे लक्ष औषधांपेक्षा पुराव्याकडे अधिक गेले : पुरावा प्रथम कोणाच्या अंगावर सापडला, तो कोणी मांडला, आणि त्यावर निवाडा होण्यास किती काळ लागला. आजच्या लेखात त्याचीच थोडी हकीकत सांगावयाची आहे.

कातडीच्या कर्करोगाचे बाहेरचे असे कारण पहिल्यांदा ओळखले गेले ते लंडनच्या धुराड्यांत. सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहून ठेवले की, लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या लोकांना जांघेच्या भागी, अंडकोशाच्या कातडीवर जो असाध्य व्रण होतो, त्याचे मूळ तेथे साचणाऱ्या काजळीत आहे. ही मुले चार-पाच वर्षांची असताना विकत वा उमेदवारीस घेतलेली असत. अरुंद धुराड्यात मोठा माणूस मावत नाही, म्हणून. पॉट यांच्या लेखानंतर १३ वर्षांनी, १७८८ साली, पार्लमेंटाने कायदा केला की आठ वर्षांखालील मुलास या कामावर घेऊ नये. मग १८३४ चा कायदा झाला, १८४० चा झाला, १८६४ चा झाला आणि शेवटी १८७५ चा. ज्या विषयावर शंभर वर्षांच्या आत पाच कायदे करावे लागतात, त्यांतील पहिले चार किती पाळले गेले असतील हे निराळे सांगावयास नको.

येथेच एक फार बोधप्रद गोष्ट घडली. १८९२ साली हेन्री बटलिन या शल्यवैद्याने असा प्रश्न विचारला की, काजळी तर युरोपात सर्वत्र आहे, मग हा रोग इंग्लंडातच एवढा का? त्याने इतर देशांतील धुराडी साफ करणाऱ्यांची चौकशी केली. उत्तर साधे निघाले. खंडावरचे कामकरी अंगास घट्ट बसणारा, मानेपासून पायापर्यंत झाकणारा पोशाख करीत आणि काम संपल्यावर अंग धूत. इंग्लंडातले तसे करीत नसत. म्हणजे कातडीचा कर्करोग निव्वळ कपड्याने व पाण्याने पुष्कळ अंशी टाळता येतो, ही गोष्ट सूर्याचे नाव या प्रकरणात ठळकपणे येण्यापूर्वीच उघड झाली होती.

सूर्याचे नाव आले ते त्यानंतर लवकरच. हॅम्बुर्ग हे मोठे बंदर. तेथील त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांच्याकडे दर्यावर्दी रुग्ण येत. वर्षानुवर्षे डेकावर काढलेल्या या माणसांच्या चेहऱ्यावरची व हातांवरची कातडी जाड, डागाळलेली, भेगाळलेली दिसे, आणि पुढे तिच्यावरच कर्करोगाच्या गाठी उठत. १८९४ साली त्यांनी तिला ‘खलाशाची कातडी’ असे नावच दिले. दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातून विल्यम दुब्रय यांनी तशीच साक्ष दिली. बोर्दो हा द्राक्षांचा मुलूख. मळ्यांत दिवसभर वाकून काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हाताच्या पाठीवर खरखरीत चट्टे व त्यांतून कर्करोग होताना त्यांना दिसत होता. त्याच प्रांतातील शहरवासीयांत तो विरळा होता. अन्न तेच, हवा तीच, वंश तोच, फरक उन्हाचा. कोर्टात याहून स्वच्छ परिस्थितिजन्य पुरावा फारसा पाहावयास मिळत नाही. १९०६ साली शिकागोच्या जेम्स नेव्हिन्स हाइड यांनी प्रकाश व कातडीचा कर्करोग यांच्या संबंधावर स्वतंत्र निबंधच लिहिला.

खलाशी आणि मळेकरी यांची ही साक्ष नोंदली गेली, आणि पुढची कित्येक वर्षे ग्रंथांतच राहिली. याचे एक कारण असे की, नेमक्या त्याच काळी युरोपात सूर्याला वैद्याचे आसन मिळाले होते.

आपल्याला यात नवल वाटू नये. कृष्णाचा पुत्र सांब याचे कुष्ठ सूर्याच्या उपासनेने बरे झाले ही कथा आपल्याकडे पुराणकाळापासून चालत आली आहे, आणि आरोग्य मागावे ते भास्करापाशी हा संस्कार घरोघर आहे. युरोपास ती गोष्ट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नव्याने गवसली. फेरो बेटांवर जन्मलेले डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी कोपनहेगन येथे कातडीच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार सुरू केला. १९०३ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझँ या पहाडी गावी ऑग्युस्त रोलिए यांनी हाडांच्या क्षयाचे रोगी उघड्यावर, उन्हात निजवून बरे करण्याचे रुग्णालय काढले. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरी केली. आणि आमच्या मुंबई इलाख्यात १९२२ च्या सुमारास हचिसन व शाह यांनी दाखवून दिले की, मुडदूस हा रोग उत्तम खाणाऱ्या पण पडद्यात राहणाऱ्या घरांत आढळतो, आणि निकृष्ट अन्नावर राहून शेतात राबणाऱ्या गरिबांच्या घरांत आढळत नाही. सावली ज्यांना मानाने मिळाली होती, त्यांच्या मुलांची हाडे त्या मानानेच वाकली! तेव्हा सूर्य हा केवळ अपराधी आहे असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्याच्या उपकाराचा पुरावा अपकाराच्या पुराव्याइतकाच भक्कम आहे. प्रश्न आहे तो किती ऊन, कोणाच्या कातडीवर आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, एवढाच.

पण रोगनिवारणासाठी मोजून घेतलेले ऊन निराळे आणि हौसेने अंगभर घेतलेले ऊन निराळे. पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत रापलेल्या रंगाची हौस पसरली. त्यापूर्वी रापलेली कातडी म्हणजे शेतमजुराची खूण. सुखवस्तू स्त्री छत्रीशिवाय बाहेर पडत नसे. पुढे मजूरवर्ग गिरण्यांत व कचेऱ्यांत छपराखाली गेला आणि फिकटला. तेव्हा रापलेला रंग हा समुद्रकाठी सुटी घालविण्याची ऐपत असल्याचा दाखला झाला. मान म्हणून जी सावली होती तिच्या जागी आता ऊनच मान होऊन बसले. १९३० च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समध्ये उन्हात अंगास लावण्याचे तेल बाजारात आले. त्याचा हेतू असा की अंग भाजू नये, पण रापावे मात्र खुशाल. ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ फ्रांझ ग्रायटर आल्प्समधील पीझ ब्युइन शिखर चढताना बर्फावरील उन्हाने भाजून निघाले होते. त्यांनी १९४६ साली आपला लेप विक्रीस काढला. आज डबीवर जो ‘एस. पी. एफ.’ असा आकडा दिसतो, तो रूढ करण्याचे श्रेयही त्यांना देतात. या आकड्याविषयी पुष्कळ गैरसमज आहे. ३० चा लेप भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवितो आणि १५ चा सुमारे ९३ टक्के. म्हणजे आकडा दुप्पट झाला तरी संरक्षण दुप्पट होत नाही. शिवाय ही मोजणी दर चौरस सेंटिमीटर कातडीस दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून केलेली असते. आपण लावतो तो थर त्याच्या निम्माही नसतो.

याच सुमारास आपल्या देशात उलट टोकाचा एक तमाशा चालला होता, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. येथील ऊन गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूस इजा करते अशी साहेबांची पक्की समजूत होती. म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत डोक्यावर टोप. आणि कित्येक जण पाठीच्या कण्यावरही गादीचा पट्टा बांधीत. तो टोप होत असे भेंडाचा. ज्या भेंडाची बाशिंगे आपण नवरदेवाच्या कपाळी बांधतो, तेच हे भेंड. दुसऱ्या महायुद्धात हजारो सैनिक टोपावाचून उन्हात वावरले, कोणाच्या मेंदूस काही झाले नाही, आणि टोप इतिहासजमा झाला. मेंदूविषयीची भीती निराधार होती. त्या रुंद काठाने साहेबांची नाके व कान मात्र कर्करोगापासून वाचविली असतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

प्रयोगशाळेतील पुरावा १९२८ साली आला. लंडनमध्ये जी. एम. फिंडले यांनी उंदरांवर अतिनील दिव्याचे किरण रोज सोडून त्यांच्या कातडीत कर्करोग उत्पन्न करून दाखविला. ब्वेनोस आयरिस येथे आंखेल रोफो यांनी १९३० नंतरच्या दशकात पांढरे उंदीर प्रत्यक्ष उन्हातच ठेवले आणि तसाच निष्कर्ष काढला. काचेआडून ऊन दिले तर रोग होत नाही, हेही त्यांनी पाहिले. म्हणजे उन्हाची ऊब नव्हे, डोळ्यांस न दिसणारे व काचेने पुष्कळ अंशी अडणारे किरण हे कारण होय. ते किरण पेशींच्या गर्भातील आनुवंशिक द्रव्यच मोडतात. निसर्गाने ते दुरुस्त करण्याची सोय आपल्या शरीरात ठेविली आहे. ज्या मुलांत ती जन्मतः नसते, त्यांना अगदी कोवळ्या वयात कातडीचे कर्करोग होतात. हा रोग कापोसी यांनी १८७० च्या सुमारास वर्णिला होता; दुरुस्तीतील तो दोष १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिला. तेव्हा गोष्ट कायमची स्पष्ट झाली.

शास्त्राचा निवाडा समाजाच्या अंगवळणी पाडण्याचे काम मात्र एका देशाने सर्वांआधी व सर्वांहून नेटाने केले. तो देश ऑस्ट्रेलिया. धुराड्यांच्या मुलांचा पहिला कायदा ज्या १७८८ साली झाला, त्याच साली इंग्लंडातील कैद्यांची पहिली गलबते सिडनीस लागली. ढगाळ आकाशाखाली घडलेली कातडी एकदम प्रखर उन्हात आली. तेथील मूळच्या लोकांस त्यांच्या काळ्या वर्णाचे कवच होते, नव्यांस नव्हते. १९५६ साली गणिती हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर यांनी मृत्यूच्या नोंदी अक्षांशांप्रमाणे मांडल्या, तेव्हा दिसून आले की तिळासारख्या काळ्या डागातून उठणारा जो मेलॅनोमा नावाचा प्राणघातक कर्करोग, त्याचे मृत्यू विषुववृत्ताजवळच्या क्वीन्सलंडात अधिक व दक्षिणेकडे कमी आहेत. आजही तेथील तिघांपैकी दोघांस सत्तरीपर्यंत कोणता ना कोणता कातडीचा कर्करोग होतो असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक सुदैवाने साध्या शस्त्रक्रियेने बरे होणारे असतात.

१९८१ साली व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोगविरोधी मंडळाने एक समुद्रपक्षी दूरचित्रवाणीवर नाचविला. त्याने मुलांना गाऊन सांगितले की सदरा चढवा, लेप थापा, टोपी घाला. वरकरणी हा पोरखेळ. पण ती मुले आज प्रौढ झाली आहेत, आणि तेथील चाळिशीच्या आतील लोकांत मेलॅनोमाचे प्रमाण उतरले आहे. १९८८ साली या कामास मोठे स्वरूप आले. पैसा कोठून आला हे कायद्याच्या माणसास विशेष गमतीचे वाटेल : १९८७ च्या तंबाखूविषयक कायद्याने तंबाखूवर जी पट्टी बसविली, तिच्यातून. शाळांनी नियम केला की टोपी नसेल त्याने मैदानावर खेळावयास येऊ नये. क्वीन्सलंडातील नँबूर या गावी १,६२१ रहिवाशांवर १९९२ ते १९९६ या काळात पद्धतशीर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज लेप लावण्यास दिला, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीप्रमाणे वागू दिले. रोज लावणाऱ्यांत कातडीच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. आणि पुढील दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर मेलॅनोमा त्यांच्यात ११ जणांस व इतरांत २२ जणांस झालेला आढळला. दिव्याखाली निजून अंग रापविण्याची जी दुकाने होती, ती तेथील बहुतेक राज्यांनी २०१४ च्या अखेरीस कायद्याने बंद केली. ब्राझीलने हे २००९ सालीच केले होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य हीच आपली अब्दागिरी, आणि ती सनदेवाचून मिळालेली आहे. त्यामुळे उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग आपल्या लोकांत थोडाच आहे. पाश्चात्त्यांच्या भयाची आपण जशीच्या तशी नक्कल करण्याचे कारण नाही. आपल्याकडे मुली छत्री घेतात, चेहरा ओढणीने गुंडाळतात, त्यामागे बहुतेक वेळा हेतू रोग टाळण्याचा नसून गोरे राहण्याचा असतो, आणि व्यापारी तो बरोबर हेरतात. ऊन अडविणारा लेप आणि रंग उजळण्याचे मलम या दोन वस्तू भिन्न आहेत, एवढे तरी गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावे.

आपल्या देशातील कातडीच्या कर्करोगाची कारणे शोधणारे थोर संशोधक आमच्याच कोकणपट्टीतील नावाचे होते, याचा येथे उल्लेख केला पाहिजे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीती व कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय. धोतराची गाठ कमरेस जन्मभर एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील कातडी घासते, तिचा रंग जातो, वण पडतो आणि क्वचित त्या वणातून कर्करोग उठतो, हे त्यांनी दाखविले. काश्मीरात फिरनाखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसल्याने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग तर एल्मस्ली या डॉक्टरने १८६६ सालीच वर्णिला होता. ऊन असो, निखारा असो की कमरेची गाठ असो, कातडीस एकाच जागी वर्षानुवर्षे छळले की ती केव्हा तरी उलटते. भाजल्याच्या जुन्या वणावर न भरणारी जखम दिसली, तर ती डॉक्टरास दाखविणे हे आपल्याकडे अगत्याचे आहे. आणि मेलॅनोमा आपल्यांत होतो तो बहुधा तळपायास, तळहातास वा नखाखाली, जेथे उन्हाचा संबंध जवळजवळ नाही. अनवाणी चालणाऱ्या माणसाने तळव्यावरचा वाढता काळा डाग काट्याची खूण समजून सोडून देऊ नये.

आपल्यातच काहींना मात्र ती जन्मजात अब्दागिरी मिळालेली नसते. केस पांढुरके, कातडी गुलाबी, डोळे उजेडास न सोसणारे असे एखादे मूल गावात असते. ते शापाने झालेले नाही आणि ते कोडही नाही. त्याच्या अंगात रंगद्रव्य होण्याची क्रिया जन्मतःच अपुरी आहे. आफ्रिकेत अशा लोकांना तरुण वयातच कातडीचे कर्करोग होतात, हे पुष्कळदा नोंदले गेले आहे. अशा मुलास लांब बाह्यांचा दाट विणीचा सदरा, रुंद काठाची टोपी, लेप आणि शाळेत खिडकीपासून दूरची जागा देणे हे दयेचे काम नव्हे. तो त्याचा हक्क आहे. सकाळी दहा ते दुपारी चार हा काळ सर्वांत कडक; आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तोवर ऊन कडक समजावे, हा आडाखा घड्याळावाचूनही चालतो. पातळ पांढरे सुती कापड, विशेषतः ओले झाल्यावर, फारसे अडवीत नाही. दाट विणीचे गडद कापड अडविते. वाळू व पाणी यांवरून किरण उलटून छत्रीखालीही येतात.

शेवटी कायद्याकडे. इंग्लंडात काजळीने होणारा कर्करोग १९०७ साली नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला. आपल्याकडील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही डांबर, खनिज तेल इत्यादींमुळे होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद होती. उन्हाचा नामनिर्देश त्यात नव्हता. कारण उघड आहे. डांबराच्या पिंपास मालक असतो, सूर्यास नसतो. आणि रविवारी स्वतःच्या परसात घेतलेले ऊन व सोमवारी मालकाच्या छपरावर घेतलेले ऊन यांची वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न कोणत्याही न्यायाधीशास अवघड पडेल. जर्मनीने तो सोडविला. १ जानेवारी २०१५ पासून तेथे गवंडी, छपरे घालणारे, शेतकरी, खलाशी यांना कामावरील उन्हाने होणारा एका प्रकारचा कातडीचा कर्करोग व्यवसायजन्य रोग म्हणून मानला जातो. कामामुळे अंगावर पडलेले ऊन इतर आयुष्यातील उन्हाहून सुमारे ४० टक्क्यांनी अधिक भरले पाहिजे, असे त्याचे माप ठरविलेले आहे. उन्ना यांनी हॅम्बुर्गच्या खलाशांची कातडी पाहिली ती १८९४ साली. त्याच देशात त्या खलाशाच्या वारसाचा दावा उभा राहण्यास १२१ वर्षे लागली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून अंदाज प्रसिद्ध केला. मेलॅनोमा वगळता कातडीच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एकतृतीयांश उन्हातील कामामुळे होतात, आणि २०१९ साली असे सुमारे १९,००० मृत्यू झाले, असे त्यांचे म्हणणे आहे. उन्हात काम करणाऱ्यांची संख्या त्यांनी १६० कोटी धरली आहे. आपले मिठागरातले, रापणीवरचे आणि रस्त्याच्या खडीवरचे लोक त्या आकड्यात आहेत.